सुई कुणाची, हाडं कुणाची?

गेल्या वर्षी लावणीच्या आधी शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर बैठक होती. विषय रेशनचा. धान्य पुरतं मिळतं का, अंगठा लागतो का, दुकानदार पावती देतो का, असं सगळं बोलून झालं. बायका उठायला लागल्या तेव्हा लक्षात आलं की चाळिशीपुढची एकही बाई सरळ उठत नाही. कुणी गुडघ्यावर हात रोवून, कुणी भिंतीला धरून, कुणी आधी एका कुशीवर कलून मग उठते. सहज विचारलं, "पाठ कुणाकुणाची दुखते?" सगळ्या हसल्या. एक ठाकर आजी म्हणाली, "ताई, जिची दुखत नाय ती दाव आमाला, आपुन तिची पूजा करू."

मग करता काय?

"सुई घेतो."

या सुईबद्दल लिहायचं आहे. एका नव्हे, तीन सुयांबद्दल. एक सुई हाडांसाठी आहे आणि ती या बायकांपर्यंत पोचत नाही. पोचलीच तर अर्धवट पोचते. दुसरी पाड्यापाड्यावर मिळते, पैसे घेऊन मिळते, आणि हाडं खाते. तिसरी सरकार फुकट देतं. ती हाडांसाठी नाही, मूल होऊ नये म्हणून आहे, पण तिचा हिशेब हाडांच्या खात्यातही मांडावा लागतो. आणि या तिन्हींबद्दल बोलताना आपल्या स्वतःच्या, म्हणजे स्त्री-चळवळीच्या, एका चुकीबद्दलही बोलणार आहे. काही मैत्रिणींना ते रुचणार नाही.

आधी दुसरी सुई, कारण बायकांच्या आयुष्यात तीच पहिली येते.

शहापूर असो की मुरबाड, बाजारच्या दिवशी दवाखान्यांसमोरची गर्दी बघावी. किन्हवली, खर्डी, सरळगाव, धसई, टोकावडे, कुठेही. बाई सकाळी निघते, बाजार करते, सुई घेते आणि गाडी पकडते. काय झालंय हे डॉक्टर विचारतो, बाई सांगते, "कंबार धरलीय, अंगात ताकद नाय." दोन मिनिटांत सुई. जास्त पैसे असतील तर सलाईन. कागदावर काही लिहिलेलं नसतं. असलं तर ते औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. आम्ही बायकांना विचारलं, कसली सुई? "ताकतीची." "दुखन्याची." एकीने मात्र नाव सांगितलं. तिचा मुलगा औषधाच्या दुकानात कामाला होता. ती म्हणाली, "डेक्सा."

डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन. हे स्टिरॉइड आहे. वाईट औषध नाही. योग्य रोग्याला, योग्य वेळी दिलं तर जीव वाचवतं. पण कंबरदुखीला, थकव्याला, अंगदुखीला पंधरा दिवसांनी, महिन्याने, वर्षानुवर्षं दिलं तर? दोन दिवस बाईला हलकं वाटतं, भूक लागते, काम उरकतं. तिसऱ्या दिवशी दुखणं परत. म्हणून परत सुई. आणि आत काय चाललेलं असतं? स्टिरॉइड वारंवार पोटात किंवा अंगात गेलं की नवं हाड तयार होण्याचा वेग मंदावतो, जुनं झिजणं चालू राहतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. ही झीज म्हातारपणी हळूहळू होणाऱ्या झिजेसारखी नसते, पहिल्या काही महिन्यांतच ती वेग घेते. म्हणजे पाठ दुखते म्हणून घेतलेली सुई पाठीचा मणका पोकळ करते, आणि पोकळ मणका दुखतो म्हणून बाई पुन्हा सुईला जाते. डॉक्टरचं दुकान चालण्यासाठी याहून चांगली सोय कुणी केली नसती.

गंमत बघा. शहरात "डेक्सा" हाच शब्द चालतो, पण तिथे ते एका यंत्राचं नाव आहे. हाडांची घनता मोजणारं यंत्र. ठाण्याच्या, कल्याणच्या पांढरपेशा बाईला पाळी गेल्यावर डॉक्टर सांगतो, "एकदा डेक्सा करून घ्या." शहापूरच्या बाईलाही डेक्साच मिळतो. नाव एकच. एकीचं हाड मोजलं जातं, दुसरीचं पोखरलं जातं.

आता पहिली सुई. हाडांच्या ठिसूळपणावर, म्हणजे ज्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात त्यावर, खरंच उपयोगी पडणारी इंजेक्शनं आहेत. आमच्या ओळखीच्या तीन बायकांना ती मिळाली. तिघींची नावं, गावं सांगत नाही. त्यांनी जे भोगलं ते सांगते, कारण डॉक्टरी पुस्तकात ते नसतं.

पहिली मुरबाड तालुक्यातली कुणबी बाई, वय पंचावन्नच्या आसपास. भाताचं पोतं सरकवताना पाठीत काहीतरी "कट्" झालं. सहा महिने सुया घेतल्या, त्याच त्या. मुलगा अंबरनाथला कारखान्यात कामाला, त्याने शहरात नेलं. फोटोत दोन मणके पिचलेले निघाले. तिथे तिला टेरिपॅराटाइड लिहून दिलं. हे औषध नवं हाड तयार करतं. पेनसारख्या नळीतून रोज एकदा, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली स्वतः टोचून घ्यायचं, साधारण दोन वर्षं. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. आता या बाईच्या घरात फ्रिज नाही. वाडीतल्या किराणा दुकानात थंड पेयांचा फ्रिज होता, तिथे बाटल्यांच्या मागे तिचं पेन ठेवलं. रोज संध्याकाळी दुकानात जायचं, पेन मागायचं. दुकानावर बसलेले पुरुष विचारायचे, "काय वहिनी, आज पन सुई?" पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, मग औषध राहिलं की गेलं हे कोण सांगणार? वर महिन्याला काही हजारांचा खर्च. चार महिन्यांनी तिने बंद केलं. शहरातल्या डॉक्टरांनी लिहिलं असेल, रोगी उपचार सोडून गेला. रोगी कुठे सोडून गेला? उपचारच तिच्या घरापर्यंत आला नव्हता.

दुसरीची गोष्ट याहून वाईट. तिला सहा महिन्यांतून एकदाची सुई दिली, डेनोसुमॅब. सोपी. कातडीखाली एक टोचणी, घरी. तिचं दुखणंही कमी झालं. दोन सुया झाल्या. तिसरीची तारीख आली ती नेमकी लावणीच्या दिवसांत. पैसेही नव्हते, आणि बरं वाटत होतं. बरं वाटल्यावर सुई कशाला घ्यायची? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ही सुई मध्येच सोडायची नसते. हे औषध अंगातून उतरलं की दबून राहिलेली झीज उसळून वर येते आणि एकामागून एक मणके पिचू शकतात. बंद करायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध वेळेवर सुरू करावं लागतं. हे डॉक्टरांना माहीत असतं. औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. बाईला माहीत नसतं. पुढच्या होळीपर्यंत ही बाई काठीवर आली. तीन मणके. घरात सगळे म्हणतात, सुईने वाटोळं केलं. मी म्हणते, सुईने नाही. सहा महिन्यांनी बाई परत येईल की नाही, तिच्या घरात भात कधी लावतात, पैसे कुठून येतात, यातलं काहीही न विचारता जो लिहून देतो, त्याच्या लेखणीने.

तिसरी शहापूरकडची. तिला वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड दिलं. पंधरा-वीस मिनिटांची सलाईन, वर्षभर बघायला नको. त्या रात्री तिला थंडी वाजून ताप भरला, अंग मोडून आलं. पहिल्या वेळी असं अनेकींना होतं, दोन-तीन दिवसांत उतरतं, साधी तापाची गोळी पुरते. पण हेही कुणी सांगितलं नव्हतं. वाडीत बातमी पसरली की हाडाच्या सलाईनने बाई मरता मरता वाचली. त्या वाडीत आता कुणी त्या सलाईनचं नाव काढत नाही. आणि हीच खरं तर आमच्या भागाला सगळ्यात जवळची सुई होती. फ्रिज लागत नाही, रोज टोचायचं नाही, वर्षातून एक फेरी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने तीन वर्षांत मणके पिचण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी, खुबा मोडण्याचं प्रमाण एकेचाळीस टक्क्यांनी घटलं. पेटंट केव्हाच संपलं आहे, आपल्याकडच्या अनेक कंपन्या ते बनवतात. अट एवढीच की आधी मूत्रपिंड नीट आहे ना, रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं आहे ना हे तपासायचं, दाताची मोठी कामं आधी उरकायची, बाईला भरपूर पाणी प्यायला सांगायचं. आणि तापाबद्दल दोन वाक्यं बोलायची. दोन वाक्यं! तीही झाली नाहीत.

आता तिसरी सुई. इथे आपल्या चळवळीचा इतिहास येतो, आणि नव्या मैत्रिणींसाठी तो थोडक्यात सांगणं भाग आहे. १९८५ साली आंध्रात पाटणचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या प्रयोगाचं शिबिर भरलं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या बायका तिथे पोचल्या, तर सुई घ्यायला आलेल्या बायकांना आपण प्रयोगात आहोत हेच माहीत नव्हतं. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तो खटला २००० पर्यंत चालला. मध्ये १९९३ मध्ये डेपो-प्रोव्हेराला बाजारात विक्रीची परवानगी मिळाली. त्याविरुद्धही आपण उभ्या राहिलो. १९९५ मध्ये औषधविषयक तांत्रिक सल्लागार मंडळाने ते कुटुंबनियोजनाच्या सरकारी कार्यक्रमात घेऊ नये असं म्हटलं. पुढे २०१५ मध्ये त्याच मंडळाने होकार दिला, आणि २०१७ पासून तेच औषध 'अंतरा' या गोड नावाने सरकारी दवाखान्यांत आलं. तीन महिन्यांतून एक सुई, फुकट.

आपण त्या वेळी काय म्हणत होतो? पाळी बिघडते, रक्तस्राव होतो, बंद केल्यावरही दिवस राहायला वेळ लागतो, आणि बाईच्या हातात काही उरत नाही, कारण टोचलेलं औषध काढून टाकता येत नाही. हाडांचंही म्हणत होतो. तेव्हा आपल्याला हिणवलं गेलं. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच डेपो-प्रोव्हेराच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला: हे औषध वापरताना हाडांची घनता लक्षणीय घटते, दुसरी साधनं अपुरी पडत असतील तरच दोन वर्षांपुढे वापरावं.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. सुई थांबवल्यावर हे हाड बरंचसं भरून येतं असं अभ्यास सांगतात. जागतिक आरोग्य संघटना अठरा ते पंचेचाळीस वयाच्या बायकांना केवळ हाडांच्या कारणाने ही सुई नाकारावी असं म्हणत नाही. आणि ज्या बाईला नवरा निरोध वापरत नाही, तांबी मानवत नाही, सासू गोळी फेकून देते, तिला तीन महिन्यांची ही गुपचूप सुई म्हणजे श्वास घ्यायला मिळालेली जागा वाटते. आमच्याच गटातल्या एका मुलीने हे आमच्या तोंडावर सांगितलं. तिच्यावर बंदी घालणारी मी कोण? पण माझा प्रश्न असा आहे: हाड भरून येतं ते कशाने? हवेने नाही येत. खाण्याने येतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. वीणा शत्रुघ्न यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गरीब घरांतल्या तीस ते साठ वयाच्या बायकांची हाडं मोजली. अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. या बायकांच्या रोजच्या जेवणात कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमसुद्धा नव्हतं. चारांतल्या एकीहून अधिक जणींच्या खुब्याच्या मानेत ऑस्टिओपोरोसिस निघाला. सरासरी वय चाळिशीच्या आसपास! २०२० पासून आपल्याकडे प्रौढ बाईला दिवसाला एक हजार मिलिग्रॅम लागतं असं सरकारी मापच सांगतं. आणि या वीणाताई कोण? त्याच स्त्री शक्ती संघटनेतल्या, जिने नेट-एनचा खटला लढवला. एकाच बाईने सुईही पाहिली आणि ताटही पाहिलं. आपण बाकीच्यांनी सुई पाहिली, ताट पाहायचं राहून गेलं.

ताट बघा. आमच्या भागात वरकस जमिनीवर नाचणी होती. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पॉलिश केलेल्या तांदळात त्याच्या जवळपासही काही नसतं. रेशनचा तांदूळ आला, वरकस जमिनी गेल्या, काही फार्महाऊसवाल्यांनी घेतल्या, नाचणी सणासुदीला उरली. खुरासणी गेली. सुकट-जवळा महाग झाला. दूध विकायचं असतं, प्यायचं नसतं. जे उरतं ते आधी पुरुषाला, मग मुलाला, आणि टोपाच्या तळाशी लागलेलं बाईला. हे मी नव्याने सांगत नाही, आपण शिबिरात या विषयावर नाटुकलं करतोच. पण त्या नाटुकल्यातल्या बाईचं पुढे पंचावन्नाव्या वर्षी काय होतं, तो प्रवेश आपण कधी लिहिला?

वर काम. हा तोच शहापूर तालुका, ज्याच्या उशापायथ्याशी मुंबईचं पाणी साठतं. तानसा १८९२ पासून, मोडकसागर १९५७ पासून, नंतर भातसा. मुरबाडकडच्या बारवीचं पाणी कारखान्यांना आणि शहरांना जातं. आणि एप्रिल-मे आला की याच शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. शहरातल्या बाईला डॉक्टर सांगतो, हाडांसाठी चाला, थोडं वजन उचला, उन्हात बसा. आमच्या बायका हे सगळं जन्मभर करत आल्या. डोक्यावर दोन हंडे, काखेत पोर, दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर विटांची पाळ. व्यायामाने हाड बळकट होतं, खरं आहे, पण पोटात काही असेल तर. रिकाम्या पोटी तेच काम हाडाला खातं.

म्हणून अंतराच्या सुईबद्दल माझं म्हणणं एवढंच: ज्या बाईच्या ताटात तीनशे मिलिग्रॅमही नाही, जी अठराव्या वर्षी लग्न होऊन विसाव्या वर्षी दोन लेकरांना पाजते आहे, जिचं हाड अजून पुरतं भरलेलंही नाही, तिला "हाड नंतर भरून येतं" हे सांगण्याआधी सुई देणाऱ्याने तिच्या ताटाची चौकशी करावी. मधूनमधून स्टिरॉइडची सुई घेते का हे विचारावं. दोन वर्षं झाल्यावर पुन्हा बसून बोलावं. तांबी, गोळी, निरोध, पुरुषाची नसबंदी, सगळं समोर ठेवावं. पुरुषाची नसबंदी! ती आठवण सरकारला शेवटी येते आणि आपल्यालाही.

आणि हे बघा सरकारचं गणित. गर्भार बाईला चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, बाळंत झाल्यावर सहा महिने मिळतात. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं जेवण आहे. चांगलं आहे, हवंच. पण पोर अंगावरचं सुटलं की बाईची हाडं सरकारच्या दप्तरातून नाहीशी होतात. आशाताई तिशीपुढच्यांची तपासणी करते: रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. हाडं नाहीत. साठीनंतर वृद्धांसाठी म्हणून एक राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. मधली पंधरा-वीस वर्षं, पाळी जाते तिथपासून, जेव्हा हाड सगळ्यात वेगाने झिजतं, त्या वर्षांत बाई कुणाचीच नाही. तिची कूस संपली, मग ती उरली कशाला? ज्यांची गर्भाशयं आणि त्यासोबत बीजकोशही तिशी-पस्तिशीत काढून टाकले जातात त्यांची तर पाळीच नाही, हाडंही त्याच दिवशी म्हातारी होतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये सरकारी समिती बसली. चर्चा पिशवीची झाली. पुढे त्यांच्या मणक्यांचं काय, हे कुणी विचारलं?

आता आपली चूक.

नव्वदच्या दशकात आपण म्हणालो की पाळी जाणं हा आजार नाही, कंपन्या त्याचा आजार बनवून हार्मोन विकताहेत. बरोबर म्हणालो. २००२ मध्ये अमेरिकेतला हार्मोनचा मोठा प्रयोग, स्तनाचा कॅन्सर आणि हृदयविकार वाढतो असं दिसल्यावर मध्येच थांबवावा लागला. आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून आपण समाधानाने पान उलटलं. पण पाळी जाणं आजार नसला तरी मणका पिचणं आजार आहे. खुबा मोडून अंथरुणावर पडणं आजार आहे. "सुई नको" हे आपलं वाक्य इतकं तोंडात बसलं की ज्या बाईला सुई हवी आहे तिच्यासाठी आपल्याकडे वाक्यच उरलं नाही. आमच्याच एका बैठकीत एक जुनी, मला फार जवळची कार्यकर्ती म्हणाली, "हे हाडांचं औषध म्हणजे कंपन्यांचा नवा धंदा, आपण त्यात पडायचं नाही." मी विचारलं, तुझ्या आईला गेल्या वर्षी कल्याणला काय दिलं? ती गप्प झाली. तिच्या आईला तीच वर्षाची सलाईन दिली होती. आईला चालतं आणि पाड्यावरच्या आजीला मात्र आपण नाचणी खायला सांगायची? पिचलेल्या मणक्यावर नाचणी हा उपाय नाही, ती आधी चाळीस वर्षं हवी होती.

धंदा आहेच. ड जीवनसत्त्वाचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन आता औषधाच्या दुकानातून घेऊन कुणीही कुणालाही टोचतं, तपासणी न करता, एकामागून एक. वृद्ध बायकांना वर्षातून एकदम पाच लाख युनिट पाजण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला, २०१० मध्ये निकाल आला. बायका जास्त पडल्या, हाडं जास्त मोडली. तेव्हा जास्त म्हणजे चांगलं हे डोक्यातून काढायला हवं. आणि दर वेळी सुईच लागते असंही नाही. ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी स्वस्त आहे. सकाळी उपाशीपोटी भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, एवढं पाळलं तर अनेकींचं काम तिच्यावर भागतं. आमच्या बायका तशाही सकाळी कधी आडव्या होतात!

म्हणून आम्ही शहापूर-मुरबाडच्या बायकांनी ठरवलं आहे की मागणी करताना "सुई हवी" किंवा "सुई नको" असं म्हणायचं नाही. कुठली सुई, कशासाठी, किती दिवस, सोडली तर काय, हे विचारायचं. टोचण्याआधी औषधाचं नाव कागदावर, वाचता येईल अशा मराठीत लिहून मागायचं. नाव लिहीत नसेल तर हात पुढे करायचा नाही. मोडलेलं हाड घेऊन येणाऱ्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईला प्लास्टर घालून घरी पाठवणं पुरेसं नाही, तिचं दुसरं हाड मोडू नये म्हणून तालुक्यालाच रक्ताची तपासणी आणि वर्षाची सलाईन मिळावी, ही मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची. जन आरोग्य योजनांचा सगळा भर भरतीवर आणि शस्त्रक्रियेवर आहे. खुबा मोडल्यावर पैसे आणि मोडू नये म्हणून काही नाही, हा उलटा कारभार आहे. सहा महिन्यांची सुई सुरू करणाऱ्याने पुढच्या सुईचे पैसे आणि तारीख आधी बोलावी, नाहीतर सुरूच करू नये. आणि रेशनवर नाचणी, दर महिन्याला, सणापुरती नव्हे.

यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे, ती तुमच्या गटातही करता येईल. शिंप्याकडची टेप घ्यायची. बाईला भिंतीला टेकून उभं करायचं, टाच आणि पाठ भिंतीला लागली की डोकं लागतं का ते बघायचं. मग उंची मोजायची, आणि दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजायचं. तरुणपणी ही दोन मापं साधारण सारखी असतात. हातांची लांबी वाकत नाही, उंची वाकते. उंची चार-पाच सेंटिमीटरने कमी भरली तर मणके दबले असण्याची शंका घ्यायची आणि एक्स-रेसाठी पाठवायचं. हे निदान नाही, शंका आहे. पण आजवर "वयाने वाकली" म्हणून जिला सोडून दिलं तिच्याबद्दल निदान शंका तरी घेतली जाईल.

डोळखांबच्या त्या पाड्यावर आम्ही टेप घेऊन परत गेलो. पूजा करायला निघालेल्या त्या आजीला भिंतीला उभं केलं. डोकं भिंतीपासून चार बोटं पुढे राहिलं. हात पसरून मोजले, मग उंची मोजली. फरक नऊ सेंटिमीटर. तिला सांगितलं तर ती टेपकडे बघत म्हणाली, "येवढी मी गेली कुठं गं?" पुढच्या गुरुवारी तिला एक्स-रेला न्यायचं आहे. गाडी सकाळी सातची आहे, आणि त्याआधी तिला पाणी भरायचं आहे.